इंजिनिअरिंग-फार्मसीचे प्रवेश आणि २०१५ चा कायदा : खानदेशातल्या विद्यार्थी-पालकांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत दर जून-जुलैला तेच ते प्रश्न येतात. मार्क कमी पडले म्हणून जागा गेली असं फार थोड्यांचं होतं. कागद वेळेवर नव्हता, नाहीतर पर्याय चुकीच्या क्रमाने भरले, म्हणून जागा गेलेले त्याहून बरेच जास्त. उत्तरांमध्ये जोर कुठे दिलाय ते त्यावरून ठरवलं आहे. फेऱ्यांच्या तारखा आणि फीचे आकडे दरवर्षी बदलतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावेत.

सगळे ज्याला ‘प्रवेशाचा कायदा’ म्हणतात तो नेमका कोणता?

महाराष्ट्र विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक शैक्षणिक संस्था (प्रवेश व शुल्क यांचे विनियमन) अधिनियम, २०१५. नाव लांबलचक आहे, पण ‘प्रवेश’ आणि ‘शुल्क’ हे त्यातले दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे. या कायद्याने तीन यंत्रणा उभ्या केल्या. सामायिक परीक्षा आणि केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या, म्हणजे ‘कॅप’, घेते ती राज्य सीईटी कक्षाची यंत्रणा. झालेले प्रवेश नियमात बसतात का ते तपासतं प्रवेश नियामक प्राधिकरण, बोलीभाषेत ‘एआरए’. कॉलेजची फी ठरवतं शुल्क नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘एफआरए’. तक्रार कुठे करायची हे या तिघांतल्या फरकावर ठरतं. फीची तक्रार सीईटी कक्षाकडे पाठवली की महिना वाया जातो.

एवढा कायदा करायची वेळ का आली?

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. कॉलेजं झाली, डोनेशनही आलं. १९८७ चा कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशाच्या बदल्यात घेतलेले जादा पैसे, बंदीचा कायदा झाला, पण फी किती आणि प्रवेश कसा द्यायचा हा वाद सर्वोच्च न्यायालयात चालूच राहिला. २००२ मध्ये टी. एम. ए. पै निकालाने खाजगी संस्थांना स्वायत्तता दिली, मात्र नफेखोरी आणि कॅपिटेशनला मनाई केली. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालातून निवृत्त न्यायमूर्तींच्या समित्या आल्या. राज्यात बरीच वर्षं चाललेली शिक्षण शुल्क समिती ती याच वळणावरची. २००५ च्या पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात एनआरआय जागांना १५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली गेली. समित्यांच्या या कामाला २०१५ मध्ये राज्याच्या कायद्याचा पाया मिळाला. पुढच्याच वर्षी, मध्य प्रदेशच्या अशाच कायद्यावरच्या मॉडर्न डेंटल कॉलेज खटल्यात, सामायिक परीक्षा आणि शुल्क नियंत्रण राज्य करू शकतं हे घटनापीठाने मान्य केलं.

‘मॅनेजमेंट कोटा’ म्हणजे पैसे देऊन घ्यायची जागा ना?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. इंजिनिअरिंगला विनाअनुदानित कॉलेजात जास्तीत जास्त २० टक्के जागा संस्थास्तरावर भरता येतात आणि एनआरआय जागा त्यातच धरलेल्या असतात. पण ‘संस्थास्तरावर’ म्हणजे संस्थाचालकाच्या मर्जीवर नव्हे. कॉलेजने जाहिरात द्यायची, अर्ज घ्यायचे, गुणवत्ता यादी लावायची आणि त्याच क्रमाने प्रवेश द्यायचे. शेवटी हे सगळे प्रवेश एआरएकडे मंजुरीला जातात.

गोची शेवटच्या पायरीवर होते. मे महिन्यात “सीट बुक करून ठेवा” म्हणून कुणी पैसे घेतले, यादी लागलीच नाही किंवा विद्यार्थी पात्रतेतच बसला नाही, तर एआरए तो प्रवेश नामंजूर करतं. तोवर पहिलं सत्र उलटलेलं असतं. म्हणून संस्थास्तरीय जागा घ्यायची असेल तर अर्ज दिल्याची पोच, यादीतला आपला क्रमांक आणि एआरएकडे पाठवलेल्या यादीत आपलं नाव, या तिन्ही गोष्टी बघून घ्या.

अल्पसंख्याक संस्थांचं गणित वेगळं असतं. तिथे ५१ टक्के जागा त्या-त्या अल्पसंख्याक समाजासाठी असतात आणि मागासवर्गीय आरक्षण लागू नसतं. जवळचं आहे म्हणून असं कॉलेज पर्यायात टाकताना हे आधी बघा.

डोनेशन मागितलं तर?

मंजूर फीपेक्षा जास्त घेतलेली कोणतीही रक्कम, तिला इमारत निधी म्हणा, ‘विकासाला हातभार’ म्हणा नाहीतर संस्थेच्या ट्रस्टला दिलेली देणगी म्हणा, प्रवेशाच्या बदल्यात घेतली असेल तर ती कॅपिटेशन फी ठरते. १९८७ च्या कायद्यात त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे. अडचण पुराव्याची असते. रोख दिलेल्या पैशाला पावती नसते, आणि एजंट तर कॉलेजचा माणूसच नसतो. पावती मिळणार नसेल तर पैसे देऊ नका. आणि पावतीवर ‘देणगी’ लिहून मिळत असेल तर ती नीट जपा, तक्रारीत हाच कागद कामाला येतो.

कॉलेजची खरी फी कशी कळणार?

एफआरएच्या संकेतस्थळावर कॉलेज आणि वर्ष निवडलं की मंजूर आकडा दिसतो. शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क त्यात येतं. वसतिगृह, बस, खाणावळ हे त्याच्या बाहेरचं. ते ऐच्छिक असतं, पण कॉलेजच्या काउंटरवर सगळं एकाच कागदावर बेरीज करून दाखवतात, म्हणून रकमा वेगवेगळ्या लिहून मागा. एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त फी आगाऊ मागता येत नाही, हे २००३ पासून ठरलेलं आहे.

हा कायदा सगळ्या कॉलेजांना लागू आहे का?

नाही. अभिमत विद्यापीठांची फी एफआरए ठरवत नाही. खाजगी विद्यापीठांचेही आपापले कायदे आहेत. त्यांच्या जाहिराती मात्र शेजारच्या कॉलेजासारख्याच दिसतात. फॉर्म घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : “तुमचा कॅपचा कॉलेज कोड काय?” कोड सांगता आला नाही तर तिथे जाण्याआधी फी आणि शिष्यवृत्ती दोन्हींची चौकशी मुळापासून करावी लागेल.

बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. यांचे प्रवेश या कायद्यात येत नाहीत. ते विद्यापीठाच्या नियमांनुसार कॉलेजातच होतात. बीबीए, बीसीए आणि बीएमएस मात्र २०२४ पासून सीईटीखाली आले. ही गोष्ट गावाकडे अजून नीट पोचलेली नाही. बीसीएला बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळेल असं समजून बसलेली पोरं सीईटीचा फॉर्मच भरत नाहीत.

‘होम युनिव्हर्सिटी’ माझ्या गावावरून ठरते की कॉलेजवरून?

महाराष्ट्रातून दहावी आणि बारावी झालेल्या, म्हणजे ‘टाइप ए’ विद्यार्थ्याची होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी जिथून पास झाला त्या ठिकाणावरून. जन्मगाव, रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता यांचा इथे संबंध नाही.

खानदेशासाठी हा मुद्दा मोठा आहे. चाळीसगावचा मुलगा अकरावी-बारावीला नाशिकला गेला आणि तिथल्याच कॉलेजातून परीक्षेला बसला, तर त्याची होम युनिव्हर्सिटी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ होते, कारण नाशिक जिल्हा त्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे. ज्या कॉलेजांत जागा ७०-३० अशा वाटल्या आहेत, तिथे ७० टक्के होमच्या आणि ३० टक्के बाहेरच्या. म्हणजे हाच मुलगा जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत ‘बाहेरचा’ होतो आणि पुण्या-नाशकात ‘घरचा’. पुण्याचंच कॉलेज हवं असलेल्याला याचा फायदाही होतो. क्लासच्या नावाखाली शहर बदलण्याआधी हा हिशेब करा, आणि नाव कोणत्या कॉलेजच्या पटावर आहे तेही बघा, कारण क्लास एका गावात आणि पट दुसऱ्या गावात असा प्रकार सर्रास चालतो.

कॉलेज लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला संलग्न असलं तरी घाबरू नका. होम-बाहेरचं ठरतं ते कॉलेज कोणत्या विद्यापीठाच्या भौगोलिक हद्दीत आहे यावर. तीनही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या हद्दीत येतात.

मुलगा बऱ्हाणपूरला, सेंधव्याला किंवा सुरतेला शिकला. आता?

रावेर-मुक्ताईनगरकडून बऱ्हाणपूर, शिरपूरकडून सेंधवा, नवापूरकडून सुरत, ही रोजची वाट आहे, पण शिक्षणाचं राज्य बदललं की प्रकार बदलतो. इंजिनिअरिंगला ‘टाइप बी’ आहे : विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल तर राज्याच्या जागांसाठी पात्रता मिळते. प्रमाणपत्र आधी काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावरची रांग बघून पुष्कळांचा धीर सुटतो.

वैद्यकीयला हीच सूट धरून चालू नका. राज्य कोट्यासाठी तिथे सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात आणि अधिवासही लागतो. अपवाद आहेत ते मुख्यत्वे शासकीय नोकरीतल्या आई-वडिलांच्या मुलांसाठी. नीटची तयारी करणाऱ्या मुलाला अकरावीला सीमेपलीकडे घालताना हे माहीत असलेलं बरं.

कट-ऑफच्या यादीतले ते कोड कसे वाचायचे?

कोड तीन तुकड्यांत वाचा. ‘जी-ओपन-एच’ घ्या. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठीची जागा. मधला तुकडा प्रवर्ग : ओपन, ओबीसी, एससी, एसटी वगैरे. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. कोडाखाली एक गुणवत्ता क्रमांक असतो आणि कंसात पर्सेंटाइल.

वाचताना लोक दोन ठिकाणी फसतात. एक तर, मुलगी असून फक्त ‘जी’ची ओळ बघून कॉलेज सोडून देतात. मुलीचा विचार दोन्ही ओळींत होतो आणि ‘एल’चा कट-ऑफ पुष्कळदा खाली असतो. दुसरं, तिसऱ्या फेरीची यादी बघून पहिल्या फेरीचा अंदाज बांधतात. गेल्या वर्षीची पहिली फेरी या वर्षीच्या पहिल्या फेरीशीच ताडून बघायची.

पर्याय भरताना सगळ्यात मोठी चूक कोणती?

‘सेफ’ कॉलेज वर टाकणं. २०२५-२६ पासून इंजिनिअरिंगच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तरी पक्की. नको म्हणालात तर पुढच्या फेऱ्या बंद.

एक उदाहरण जवळून बघू. विद्यार्थिनीला खरी इच्छा पुण्यात कॉम्प्युटरची, नाहीच जमलं तर जळगावात कॉम्प्युटर, आणि अगदीच नाही तर गावाजवळच्या कॉलेजात सिव्हिल. तिने दुसऱ्या फेरीत पर्याय भरले ते असे : १ पुणे कॉम्प्युटर, २ जळगाव कॉम्प्युटर, ३ गावाजवळ सिव्हिल. तीनच पर्याय. दुसऱ्या फेरीत सिव्हिल मिळालं आणि पक्कं झालं. तिसऱ्या-चौथ्या फेरीत जळगावची जागा मोकळी झाली तरी तिला उपयोग नाही. तिने मध्ये पुण्या-नाशकातली आणखी कॉम्प्युटर, आयटीची कॉलेजं टाकून सिव्हिल सातव्या-आठव्या क्रमांकावर ठेवलं असतं, तर मिळालेली जागा हातात धरून पुढे थांबता आलं असतं. जागा धरून ठेवायला स्वीकृती शुल्क भरावं लागतं. ते भरलं नाही तर हातातली जागा जाते. आणि पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप रद्द होते, दोन्ही ठेवता येत नाहीत.

दुसरं एक सांगायलाच हवं. “पोऱ्याना फॉर्म भरी टाक” म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या हाती सगळं सोपवू नका. त्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि स्वीकृतीची शेवटची तारीख तुम्हाला कळते ती दुसऱ्या दिवशी.

जात वैधता कधी काढायला घ्यावी?

अकरावीत. कॉलेजमार्फत अर्ज जातो. जात प्रमाणपत्र, वंशावळीचं शपथपत्र, विद्यार्थी, वडील आणि आजोबा यांचे शाळेचे दाखले किंवा जनरल रजिस्टरचे उतारे, आणि रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झाली असेल तर त्याची प्रत, हा त्याचा गाभा. वडिलांकडच्या नात्यातली एक वैधता पन्नास कागदांचं काम करते.

जुना पुरावा किती जुना हवा ते प्रवर्गावर आहे : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा राहण्याचा आणि जातीचा पुरावा शोधायचा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंद, मागा. तिथे अर्ज करताना गावाचा तेव्हाचा तालुका लिहा. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधीचे कागद धुळ्याच्या नावावर, आणि त्याहून जुने ‘पश्चिम खानदेश’ नावाने असतात. जळगावकडचे ‘पूर्व खानदेश’. जिल्ह्याचं नाव जुळत नाही म्हणून कागद खोटा ठरत नाही. वंशावळीत मात्र एका ओळीत खुलासा लिहून टाका.

अनुसूचित जमातींची तपासणी समिती वेगळी असते आणि तिथे दक्षता पथकाची चौकशी बहुधा होतेच. ठाकूर, टोकरे कोळी यांसारख्या दाव्यांत आप्तभाव चाचणीवर, म्हणजे कुटुंबाच्या चालीरीती, बोली, देवदैवतं त्या जमातीशी जुळतात का या तपासणीवर, गाडी अडायची. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या खटल्यात, आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नाही असं स्पष्ट केलं. जुन्या कागदांना त्यामुळे वजन आलं. आजोबांच्या दाखल्यावर नुसतं ‘कोळी’ किंवा ‘हिंदू’ असेल तर तो दाखला लपवू नका. पथक तीच शाळा गाठतं आणि लपवलेला कागद सगळा दावा घेऊन बुडतो.

वैधता हातात नसेल तर अर्ज केल्याच्या पावतीवर मुदत मिळते, पण किती ते दरवर्षीच्या शासन निर्णयावर. मुदत टळली की राखीव जागेवरचा हक्क जातो.

नॉन क्रीमी लेयर तीन वर्षांचं आहे, चालेल ना?

वर्षं मोजू नका, खालची तारीख वाचा. ज्या वर्षाचा प्रवेश, त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध हवं. २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला राज्याच्या नमुन्यातला लागतो, केंद्राच्या नमुन्यातला आणला की पडताळणीत परत येतो.

फीमाफी कुणाला?

कॅपमधून प्रवेश झालेल्यांना. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या बहुतेक योजनांचा हा पाया आहे, संस्थास्तरीय जागेवर बसलात तर तो सुटतो. जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. तरीही काही ठिकाणी “आधी भरा, शासनाकडून आले की परत देऊ” असं ऐकवतात. तेव्हा तो शासन निर्णय दाखवा आणि नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की बहुधा सूर बदलतो.

‘टीएफडब्ल्यूएस’, म्हणजे शिकवणी शुल्क माफीची योजना, ही वेगळी सोय. मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा, उत्पन्न ८ लाखांच्या आत, जात कोणतीही. माफ होतं फक्त शिकवणी शुल्क. या जागांचा कट-ऑफ नेहमीच्या जागेपेक्षा वर असतो, आणि तिला स्वतंत्र पर्याय कोड असतो, म्हणून ती वेगळी भरावी लागते.

प्रवेश रद्द केला तर पैसे आणि मूळ कागद?

अंतिम तारखेच्या आत संकेतस्थळावरून रद्द केलात तर प्रक्रियेचे जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकी परत मिळायला हवेत. नुसतं कॉलेजात अर्ज देऊन भागत नाही, लॉगिनमधूनही रद्द करा आणि प्रिंट काढा. मूळ मार्कशीट, टीसी अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही.

अकरावीचंही आता ऑनलाइनच का?

हो. आधी फक्त मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या भागांत होतं, २०२५-२६ पासून राज्यभर झालं. त्यामुळे खानदेशात पहिल्यांदाच तालुक्याच्या कॉलेजलाही पोर्टलवरून जावं लागलं. १ ते १० पसंतीक्रम देता येतात, आणि पहिलं मिळालं तर घ्यावंच लागतं. इन-हाउस, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी, १० टक्के जागा, व्यवस्थापनाच्या ५ टक्के. हे २०१५ च्या कायद्यात येत नाही, शालेय शिक्षण विभागाकडे आहे.

तक्रार कशी लिहावी की तिची दखल घेतली जाईल?

गुणवत्ता यादीतली चूक असेल तर तात्पुरती यादी लागल्यावर जे दोन-तीन दिवस मिळतात, त्यातच लॉगिनमधून हरकत नोंदवा. अंतिम यादीनंतर प्रवर्ग बदलून मिळत नाही. प्रवेशातला घोळ एआरएकडे, फीचा एफआरएकडे. अर्जात कॉलेज कोड, अर्ज क्रमांक, तारीख, मागितलेली रक्कम आणि मंजूर रक्कम एवढं पहिल्या पाच ओळींत असू द्या. पावती, संदेशांचे स्क्रीनशॉट, कॉलेजला दिलेल्या पत्राची पोच हे खाली जोडा. पोच घ्यायला कॉलेज नकार देत असेल तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती पोचेच्या जागी चालते.